'हे रिटायर झालेत, पण घरात अजून ब्रीफिंग चालूच आहे'

"मॅडम, काल मला फोडणी द्यायच्या आधी विचारलं, गॅसचा नॉब चेक केलास का? तीस वर्षं मी काय नुसती शिट्ट्या मोजत होते का?"

माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या, ताराबाई पार्कातल्या या वहिनींचे यजमान वायुदलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, हेलिकॉप्टर पायलट. (दोघांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.) तक्रार मात्र नेहमीचीच. बँकेतले असोत, शाळेतले असोत की एसटीतले, निवृत्तीनंतर घरोघरी बायका हेच विचारतात: हे दिवसभर घरात असतात, बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालतात, नाहीतर तासन्‌तास गप्प बसतात. यांना कशात गुंतवू?

मीही तेच केलं, गुंतवायला निघाले. एका शाळेत त्यांचं व्याख्यान ठरवून दिलं. शाल, श्रीफळ, टाळ्या सगळं झालं. घरी येऊन त्यांनी नारळ ओट्यावर ठेवला आणि दोन दिवस बोलले नाहीत. माझा सल्ला चुकला होता. दुखतंय कुठे ते न बघता मी मलम लावत बसले होते.

नातेवाइकांचे सल्ले वेगळेच. "एअरलाइनमध्ये जा की, पासष्टीपर्यंत उडवता येतं, पगार लाखांत!" हेलिकॉप्टरचं लायसन्स वेगळं आणि विमानाचं वेगळं, हे कुणाच्या गावी नाही. त्यातून यांची कंबर. हेलिकॉप्टरची थरथर आणि वाकून बसणं यामुळे पाठीचं दुखणं या पायलटांना नवीन नाही. यांची मणक्याची गादी सरकली, मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि शेवटची तीन वर्षं टेबलावर गेली.

ही तीन वर्षं त्यांनी पहिल्या दोन भेटींत एका वाक्यात उरकली होती. माझ्याही लक्षात आलं नाही.

धागा वहिनींच्या हाती लागला. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तो सोहळा टीव्हीवर चालला होता. वायुदलातलं १९६३ पासूनचं लढाऊ विमान, पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी वगैरे. साहेब अर्ध्यातून उठले आणि चप्पल घालून रंकाळ्याकडे निघून गेले. "हे मिग कधी उडवत नव्हते हो, मग एवढं काय?"

पुढच्या भेटीला मी त्यांना लॉगबुक आणायला सांगितलं. जाड, कडा झिजलेलं. प्रत्येक ओळीत तारीख, विमान, कामगिरी, वेळ. बरीच पानं चीता हेलिकॉप्टरची, सियाचीनची. तिथल्या उंच चौक्यांवर उतरलं तरी इंजिन बंद करत नाहीत, कारण त्या थंडीत आणि विरळ हवेत ते पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो. सामान उतरवायचं, आजारी जवान आत घ्यायचा, निघायचं. सेकंदांचा हिशेब. अशा माणसाने गॅसचा नॉब दोनदा बघितला तर मला त्यात हुकूमशाही दिसेना.

शेवटच्या नोंदीवर त्यांनी बोट ठेवलं. त्याखाली कोरी ओळ, मग कोरी पानं.

"ही शेवटची आहे हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "आठवड्यानं मेडिकल होतं. नेहमीचंच वाटलं."

निवृत्तीच्या दिवशी त्यांना रीतसर निरोप मिळाला होता, हार, फोटो, जेवण. पण तो विंग कमांडरला. पायलट तीन वर्षं आधीच गेला होता, आणि त्याचं सुतक कुणी पाळलं नव्हतं, खुद्द त्यांनीही. म्हणून आता मी निवृत्तीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना निवृत्तीची तारीख विचारत नाही. आवडीचं काम शेवटचं कधी केलं, ते विचारते. कित्येकदा या दोन तारखांत वर्षांचं अंतर निघतं.

(झोप उडालेली असेल, दारू वाढली असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर मात्र थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कधीही लावता येतो.)

मी त्यांना म्हटलं, उतरल्यावर डीब्रीफिंग करता ना, काय काय झालं ते सांगता, तसं या शेवटच्या सॉर्टीचं, म्हणजे उड्डाणाचं करा. वहिनींसमोर. ते चाळीस मिनिटं बोलले. वारा कुठून होता, को-पायलट कोणत्या गोष्टीवर हसला, उतरताना स्किड, म्हणजे हेलिकॉप्टरच्या खालच्या दांड्या, किती हळू टेकले. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मला आठवतो तो दिवस. तुम्ही दारात आलात आणि मी म्हटलं, सिलिंडर संपलाय, आधी तो बघा."

"हो," साहेब म्हणाले. "आणि मी युनिफॉर्मवरच तो बदलला."

"नॉब चेक केला होता का?"

पहिल्यांदाच ते माझ्यासमोर हसले. मग रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत बसले.

व्याख्यानांचं मी पुन्हा नाव काढलेलं नाही. गॅसजवळ चिकटवलेली त्यांची चेकलिस्ट अजून तिथेच आहे, वहिनी तक्रारही करतात. परवा फोनवर म्हणाल्या, सकाळचा पहिला चहा आता साहेबच करतात. आलं जास्त घालतात, पण सांगितलं की ऐकतात.