‘वाणिज्य दूतावास’ की ‘वकिलात’? सीस्तानातल्या दोन कॉन्सलांच्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे : इराणच्या पूर्व टोकाला, अफगाणिस्तान आणि बलुचिस्तान यांच्या सांध्यावर असलेल्या सीस्तानात १९०० च्या सुमारास ब्रिटिशांनी आणि रशियाने आपापले कॉन्सल, म्हणजे परक्या मुलखातल्या गावी बसवलेले सरकारी प्रतिनिधी, नेमले. या काळावरचा मजकूर मराठीत लिहिताना कॉन्सलला ‘वाणिज्यदूत’ म्हणावे की ‘वकील’, आणि त्याच्या कचेरीला ‘वाणिज्य दूतावास’ म्हणावे की ‘वकिलात’? शासकीय परिभाषेतला शब्द ‘वाणिज्य दूतावास’ असला तरी या संदर्भात तो खटकतो, असे प्रश्नकर्त्याचे म्हणणे आहे. तो खटकावा हे मला अगदी स्वाभाविक वाटते. पण त्याचे कारण शब्दकोशापेक्षा सीस्तानच्या इतिहासात अधिक सापडते, म्हणून आधी तिकडे वळतो.

सीस्तान म्हणजे हेलमंद नदीच्या मुखाशी पसरलेला सखल, गाळाचा प्रदेश. ही नदी समुद्राला मिळत नाही; ती हामून नावाच्या उथळ सरोवरांत आणि वेताच्या दलदलीत जिरते. उन्हाळ्यात वायव्येकडून वाहणाऱ्या वाऱ्याला तिथले लोक ‘एकशेवीस दिवसांचा वारा’ म्हणतात आणि तो अंगावर येऊ नये म्हणून घरांची दारे त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवतात. दलदलीत मासे आणि पाणपक्षी धरणारे लोक वेताच्या जुड्या बांधून केलेल्या ‘तूतिन’ नावाच्या तराफ्यांवरून फिरत. प्रांताचे मुख्य ठिकाण नसरताबाद, म्हणजे आजचे झाबोल, तेव्हा मातीच्या तटाआडचे एक लहानसे गाव होते. (सीस्तान हे नाव ‘शकस्थान’ या जुन्या नावापासून आले आहे. ज्या शकांच्या क्षत्रप घराण्याचे लेख नाशिकच्या लेण्यांत आहेत, त्या शकांचाच हा मुलूख, एवढे जाता जाता नोंदवून ठेवतो.)

अशा गावात दोन साम्राज्यांना आपली माणसे ठेवावीशी का वाटली? रशियाची कास्पियनपलीकडची रेल्वे १८८५ मध्ये अश्काबादपर्यंत पोहोचली होती. तिथून मशहद, मशहदहून दक्षिणेला बिरजंद, त्याखाली सीस्तान आणि पुढे समुद्र, अशी एक सरळ वाट नकाशावर दिसत होती, आणि ती वाट अफगाणिस्तानातल्या डोंगरांना वळसा घालून हिंदुस्थानच्या कुशीत शिरत होती. शिवाय पाण्यामुळे सीस्तानात धान्य पिकत असे, तेव्हा चाल करून येणाऱ्या फौजेला रसद मिळण्याजोगा त्या ओसाड पट्ट्यातला हा एकच मुलूख होता. १८९९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून आलेल्या कर्झनने इराण स्वतः हिंडून पाहिला होता आणि त्यावर मोठा ग्रंथही लिहिला होता. सीस्तान रशियाच्या हाती जाऊ द्यायचा नाही, याबाबत त्याचे मत पक्के होते. रशियाच्या बाजूने मिलर आणि ब्रिटिशांच्या बाजूने मेजर चेनेविक्स ट्रेंच व त्यानंतर मेजर बेन हे कॉन्सल नसरताबादेत येऊन राहिले ते या पार्श्वभूमीवर. एकाच्या दिमतीला कॉसॅक घोडेस्वार होते, दुसऱ्याच्या दिमतीला हिंदुस्थानी सवार.

आता ‘वाणिज्य’ या शब्दाकडे पाहू. मध्ययुगात भूमध्य समुद्राच्या काठच्या बंदरांत जिनोवा, पिसा, बार्सिलोना इथले व्यापारी राहत असत. त्यांच्यातले तंटे सोडवणारा आणि स्थानिक राज्यकर्त्यापुढे त्यांची बाजू मांडणारा माणूस म्हणजे कॉन्सल. त्या अर्थाने ‘वाणिज्यदूत’ हा शब्द चोख बसतो, आणि आज मुंबईत असलेल्या परदेशी कॉन्सलांचे निम्मे काम व्यापाराचे व निम्मे व्हिसाचे असल्यामुळे तिथेही तो चालून जातो. नसरताबादेत मात्र सांभाळण्याजोगे व्यापारीच जवळजवळ नव्हते. आधी व्यापार आणि मग त्याच्या रक्षणासाठी कॉन्सल, हा नेहमीचा क्रम तिथे उलटा झाला. आधी कॉन्सल आला, आणि त्याच्या असण्याला आधार हवा म्हणून व्यापार उभा केला गेला.

ब्रिटिशांनी १८९९ मध्ये बलुचिस्तानातल्या कलातच्या खानाकडून नुश्की हे ठिकाण कायमच्या पट्ट्याने घेतले आणि नुश्कीपासून सीस्तानपर्यंत ओसाड बलुचिस्तानातून उंटांच्या तांड्यांसाठी वाट तयार केली. वाटेत विहिरी खोदल्या, ठाणी बसवली, टपालाची सोय केली. या वाटेने हिंदुस्थानचा चहा, नीळ आणि कापड इराणच्या ईशान्येकडच्या खुरासान प्रांताकडे जाऊ लागले. उत्तरेकडून रशियाची बिटाची साखर आणि कापड येत होते. दोन्हींच्या मागे आपापल्या सरकारचा हात होता. १९०३ मध्ये नसरताबादेत इंपीरियल बँक ऑफ पर्शिया या ब्रिटिश बँकेची शाखा निघाली. त्या गावाच्या उलाढालीकडे पाहता नफ्यासाठी बँक काढावी असे तिथे काहीच नव्हते. क्वेट्याहून नुश्कीपर्यंतची रेल्वे १९०५ मध्ये पुरी झाली, तिचाही हिशेब व्यापाऱ्यापेक्षा सेनापतीच्या वहीत शोधावा लागतो.

रशियाने हा व्यापार अडवण्यासाठी जे साधन वापरले त्याचा संबंध थेट मुंबईशी आहे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. पुण्यात त्या साथीच्या बंदोबस्तातून १८९७ चे रँड प्रकरण घडले, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच साथीचे दुसरे टोक खुरासानात निघाले. हिंदुस्थानातून येणारा प्लेग रोखायचा म्हणून रशियाने अफगाण सीमेलगत तुर्बत-ए-हैदरीच्या भागात डॉक्टर आणि कॉसॅक शिपाई आणून बसवले. साथीची भीती खोटी नव्हती, परंतु पहारा नेमका नुश्कीच्या वाटेने वर सरकणाऱ्या तांड्यांच्या आड आला, आणि साथीचा जोर ओसरल्यावरही तो उठला नाही. तांडा विलगीकरणात अडकून पडला की उंटांच्या चाऱ्याचा खर्च चहाच्या किमतीवर चढत जाई. त्यातच १९०१ मध्ये रशिया आणि इराण यांच्यात नवा जकातीचा करार झाला आणि तो १९०३ पासून अमलात आला. इराणच्या जकात खात्यात तेव्हा नाउस या बेल्जियन अधिकाऱ्याचा शब्द चाले, आणि सीस्तानच्या नाक्यावर बसलेले बेल्जियन अंमलदार रशियाच्या कलाने वागतात, अशी ब्रिटिश कॉन्सलची सततची तक्रार असे. रशियाने १९०० आणि १९०२ मध्ये इराणला मोठी कर्जे दिली होती, तेव्हा तेहरानच्या दरबारात कोणाचा आवाज वजनदार होता हे वेगळे सांगायला नको. म्हणजे व्यापाराची भाषा सगळीकडे होती. पण चहाचे पोते, जकातीचा दर आणि डॉक्टरांची चौकी ही सारी राजकारणाची हत्यारे होती. त्या कचेरीला मराठीत ‘वाणिज्य दूतावास’ म्हटले की वाचक पेढी आणि मालाच्या याद्या डोळ्यांसमोर आणतो, आणि मूळ प्रकरण हातातून निसटते.

खरी चढाओढ सीस्तानचा कारभारी हश्मत-उल-मुल्क याच्यावरून होती. बिरजंद आणि काइनचा मुलूख पिढ्यानपिढ्या सांभाळणाऱ्या आलम घराण्यातला हा माणूस ब्रिटिशांकडे झुकलेला होता. त्यामुळे तो गादीवर राहावा म्हणून एक कॉन्सल आणि तो हटावा म्हणून दुसरा, असा खेळ चालत असे. (याच घराण्यातले असदोल्ला आलम पुढे १९६२ मध्ये इराणचे पंतप्रधान झाले.) पाण्याचे भांडण याहून खोल होते. १८५७ च्या पॅरिस तहाने इराण-अफगाण तंट्यात मध्यस्थी करण्याचे काम ब्रिटिशांकडे आले होते. त्यानुसार १८७२ मध्ये जनरल गोल्डस्मिड याने लवाद म्हणून हेलमंदचे मुख्य पात्र ही सरहद्द ठरवली. नदीने १८९६ मध्ये पात्रच बदलले, १९०२ मध्ये दुष्काळ पडला आणि तंटा पुन्हा पेटला. तेव्हा कर्नल मॅकमहॉन मोठा लवाजमा घेऊन आला, १९०३ ते १९०५ पर्यंत तिथे राहिला आणि हेलमंदवरच्या बंद-ए-कमालखानशी पोहोचणाऱ्या पाण्याचा एक-तृतीयांश वाटा इराणला मिळावा, असा निवाडा त्याने दिला. तो इराणने मानला नाही. ब्रिटिशांना नदीवर कायमचा माणूस बसवायचा आहे हा संशय त्यामागे होता, आणि रशियाच्या प्रतिनिधींनी त्याला खतपाणी घातले.

असे काम करणाऱ्या माणसाला मराठी कागदपत्रांत काय म्हटले असते? उत्तर सरळ आहे : वकील. अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘ज्याच्यावर काम सोपवले तो’ असा. अठराव्या शतकातला इराणचा राज्यकर्ता करीमखान झंद याने शाह ही पदवी न घेता स्वतःला रयतेचा वकील म्हणवले, आणि शिराझचा ‘बाजार-ए-वकील’ त्याच्या नावाने आजही उभा आहे. मराठेशाहीत अफझलखानाकडून कृष्णाजी भास्कर आला आणि महाराजांकडून पंताजी गोपीनाथ गेले, ते वकील म्हणूनच. पुढे दिल्लीची वकिलात हिंगणे घराण्याकडे होती. ही माणसे करारमदार करीत, दरबारात कोण कोणाकडे झुकतो आहे ते पाहत, पैसे पेरीत आणि बातमीपत्रे धन्याकडे धाडीत. सीस्तानचा ब्रिटिश कॉन्सल हिंदुस्थान सरकारला रोजनिशीवजा अहवाल पाठवत असे, त्याची जात हिंगण्यांच्या पत्रांचीच आहे. ‘वकील’ म्हणजे कायद्याचा व्यवसाय करणारा, हा अर्थ कंपनी सरकारच्या अदालतींतून रुळला आणि त्याने जुन्या अर्थाला बाजूला सारले. ‘वकिलात’ मात्र त्यातून सुटली आणि वर्तमानपत्रांत परराष्ट्राच्या कचेरीसाठी टिकून राहिली. वकिली वेगळी आणि वकिलात वेगळी, हे आजही कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

तरीही कॉन्सलला सरसकट ‘वकील’ म्हणा असे मी सुचवणार नाही, कारण इथे पायरीचा प्रश्न आहे. वकील एका राजाकडून दुसऱ्या राजाच्या दरबारात जातो. शाहच्या दरबारात ब्रिटनचा आणि रशियाचा असा एकेक वकील तेहरानात होताच, आणि त्यांना तो शब्द हवा. नसरताबादेत दरबार नव्हता, होता तो प्रांताचा कारभारी. कॉन्सलाला तेहरानच्या वकिलाच्या सल्ल्याने चालावे लागे. शिवाय सीस्तानचा ब्रिटिश कॉन्सल हिंदुस्थानच्या राजकीय खात्यातला अधिकारी असल्याने त्याला कलकत्ता व सिमल्याकडेही पाहावे लागे, आणि या दोन धन्यांचे मत नेहमी जुळत नसे. तेहरानचा प्रतिनिधी आणि सीस्तानचा कॉन्सल या दोघांनाही ‘वकील’ म्हटले तर हा ताण मराठीत दिसणारच नाही.

म्हणून माझा सल्ला असा : माणसाला ‘कॉन्सल’ म्हणावे, कचेरीला ‘वकिलात’ म्हणावे आणि तेहरानच्या प्रतिनिधीसाठी ‘वकील’ राखून ठेवावा. दोन्ही कचेऱ्या एकाच वाक्यात आल्या तर ‘तेहरानची वकिलात’ आणि ‘सीस्तानची उपवकिलात’ असा भेद करता येतो. ‘कॉन्सल’ परका वाटत असेल तर इतकेच सांगतो की फारसीनेही त्याला भाषांतरित केले नाही. तिथे ‘कोन्सुल’ हाच शब्द आहे आणि कचेरी ‘कोन्सुलगरी’. त्यातले ‘गरी’ आपल्या ‘कारागिरी’तल्या ‘गिरी’चे सख्खे भावंड आहे.

प्रश्नकर्त्याचा मजकूर १९०७ च्या पुढे जात असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ३१ ऑगस्ट १९०७ च्या इंग्रज-रशियन कराराने इराणचे प्रभावक्षेत्रांत वाटप झाले आणि बिरजंद, कर्मान व बंदर अब्बास यांना जोडणाऱ्या रेषेच्या पूर्वेकडचा भाग, म्हणजे सीस्तानही, ब्रिटिशांच्या क्षेत्रात आला. या वाटपात इराणला कोणी विचारले नव्हते. तेव्हा त्या भागासाठी ‘ब्रिटिश हद्द’ किंवा ‘ब्रिटिश मुलूख’ असे लिहू नये, ‘प्रभावक्षेत्र’ असेच लिहावे; मुलूख कागदोपत्री शाहचाच होता, आणि तिथली वकिलात परक्या भूमीवरची वकिलातच राहिली.