निघण्याआधी विचारा : दिवाळीत अ‍ॅनफिल्डला जायचंय

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकमध्ये अंबडला एका कारखान्यात नोकरीला आहे, राहायला पाथर्डी फाट्याला. मुलगा नववीत, लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचा कट्टर भक्त. मॅच असली की मध्यरात्र उलटून गेली तरी जागतो, वहीच्या मागच्या पानावर गुणतक्ता लिहून ठेवतो. दहावीच्या चरकात जाण्याआधी त्याला एकदा क्लबच्या मैदानावर, म्हणजे अ‍ॅनफिल्डवर मॅच दाखवायची असं आम्ही ठरवलंय. यंदा भाऊबीज उरकली की निघायचं आणि आठ-दहा दिवसांत परत यायचं. आम्ही पाच जण : मी, बायको, मुलगा, मुलगी (चौथीत आहे, तीही शाळेत खेळते) आणि माझी आई, वय ७१. इथल्या एका एजंटने मॅचच्या तिकिटांसकट ‘गॅरंटीड’ पॅकेज देऊ केलंय, पण आगाऊ रक्कम याच महिन्यात मागतोय. भरू का?
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : दादा, भरू नका. तुम्ही धरलेल्या तारखांसाठी तर मुळीच नको, कारण त्या शनिवार-रविवारी अ‍ॅनफिल्डवर प्रीमियर लीगची, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वांत वरच्या साखळी स्पर्धेची, मॅचच नसणार. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, पाडवा १० ला, भाऊबीज ११ ला. आणि फिफाच्या (फुटबॉलची जागतिक संघटना) वेळापत्रकात ९ ते १७ नोव्हेंबर २०२६ हे दिवस देशादेशांमधल्या सामन्यांसाठी राखून ठेवलेत. त्या दिवसांत मोठ्या लीग बंद असतात आणि खेळाडू आपापल्या देशाच्या संघाकडे जातात. म्हणजे तुम्ही ओवाळून घेऊन विमानात बसाल तेव्हा तुमच्या चिरंजीवांचे लाडके खेळाडूही गावाला गेलेले असतील. एजंटला एवढंच विचारा, ‘मॅच कोणती आणि समोर संघ कोणता?’ बघा काय सांगतो ते.

कॅनडा कॉर्नरजवळच्या एका ऑफिसात विमानाची तिकिटं काढण्यात माझं आयुष्य गेलं. मला फुटबॉलपेक्षा खो-खो जास्त कळतो, पण मॅचसाठी जाणाऱ्यांच्या फायली बऱ्याच हाताखालून गेल्यात. त्यात लोक हमखास फसतात ते तारखेला. प्रीमियर लीगचं वेळापत्रक साधारण जूनमध्ये जाहीर होतं. त्यात शनिवार लिहिलेला असतो म्हणून लोक शनिवारच धरून बसतात. पुढे टीव्हीवाले आपल्या मॅच निवडतात आणि तीच मॅच शुक्रवारी रात्री, रविवारी दुपारी, नाहीतर सोमवारी रात्री आठला जाते. संघ एफए कपात (तिथली वेगळी बाद-फेरीची स्पर्धा) पुढे गेला तर लीगचा सामना आणखी कुठेतरी सरकतो. म्हणून शुक्रवार ते मंगळवार असे पाच दिवस त्याच शहरात किंवा जवळपास मोकळे ठेवायचे. शनिवारी मॅच आणि रविवारी पहाटे पॅरिसची गाडी, असा कार्यक्रम कुणी आखून दिला तर तो कागद बाजूला ठेवा.

आता तिकीट. अ‍ॅनफिल्डवर साधारण ६१ हजार माणसं बसतात आणि तरी जागा पुरत नाही. वर्षाचं तिकीट घेतलेले लोक आधीच आत असतात. उरलेल्यासाठी क्लबचं सभासदत्व घ्यावं लागतं, तेही ज्याचं त्याचं वेगळं, आणि मग सोडतीत नाव घालायचं. आपल्याकडे म्हाडाची सोडत असते तसंच : नाव घातलं म्हणजे घर लागलं असं नाही. मॅचचं तिकीट परस्पर विकणं हा इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. सिनेमाच्या ब्लॅकसारखं ‘दोनशे जास्त घे आणि सोड’ तिथे चालत नाही. दुसऱ्याच्या नावावरचं तिकीट पकडलं गेलं तर क्लब ते रद्द करतो आणि तुम्ही फाटकाबाहेर. एजंट खरा असेल तर तो क्लबच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत सापडेल. ही यादी क्लबच्याच संकेतस्थळावर असते, घरबसल्या पाहता येते.

सोडतीशिवाय खात्रीचा रस्ता एकच, क्लब स्वतः विकतो ती हॉस्पिटॅलिटीची जागा. जेवण, गुबगुबीत खुर्ची, पाचही जागा शेजारी. पण किंमत साध्या तिकिटाच्या कितीतरी पट असते. पाच जणांची बेरीज केलीत तर घरी आठवडाभर कुणी कुणाशी बोलणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत : पाच तिकिटांचा नाद सोडा. तुमच्या आईंना ती मॅच बघायची आहे असं पत्रात कुठेच नाही. वहिनींचंही नाही. मुलाबरोबर एक मोठं माणूस, एवढ्या दोन जागा मिळणं पाचांपेक्षा कितीतरी सोपं आहे. आणि थांबा, मुलीबद्दल तुम्ही कंसात अर्धी ओळ लिहिलीत. शाळेत ती खेळते. तिला विचारलंत का? मुलगा बघतो आणि मुलगी खेळते, मग तिकीट आधी कुणाचं, हे मी ठरवत नाही, पण जेवताना विषय काढा.

तिच्यासाठी एक सोपी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये बायकांच्या लीगला आता चांगली गर्दी होते. लंडनमध्ये आर्सेनलच्या महिला संघाची एमिरेट्स स्टेडियमवरची मॅच बघायला फेब्रुवारी २०२४ मध्ये ६०,१६० माणसं आली होती. याच संघाने २०२५ मध्ये बार्सिलोनाला हरवून युरोपातला सर्वांत मोठा चषक जिंकला. या मॅचची तिकिटं बहुतेक वेळा सरळ विक्रीला असतात, स्वस्त असतात आणि पाच जागा एकत्र मिळू शकतात. तिथल्या गर्दीत लहान मुलं-मुली भरपूर दिसतात. तुमच्या आईंनाही तिथे बिचकल्यासारखं होणार नाही. लंडनला उतरणारच आहात, तर ही मॅच सगळ्यांनी मिळून बघा. तिथून लिव्हरपूल रेल्वेने सव्वादोन तासांच्या आसपास. बाप-लेक (किंवा बाप-लेकी!) मॅचला गेले की बाकीच्यांनी मर्सी नदीतल्या फेरीबोटीत बसायचं. मॅच नसलेल्या दिवशी स्टेडियमची सहल असते, खेळाडूंच्या खोलीपासून मैदानाच्या कडेपर्यंत नेतात. तेवढी मात्र पाचांनी करा.

कधी जायचं? माझ्या मते मे २०२७. लीगचा हंगाम यंदा २२ ऑगस्टला सुरू होऊन ३० मेला संपतो. वार्षिक परीक्षा आटोपलेल्या असतात, तिथे दिवस मोठा असतो, नोव्हेंबरचा अंधार आणि चिरचिर पाऊस नसतो. ७१ वर्षांच्या बाईला संध्याकाळी साडेचारला काळोख पडलेल्या गावात फिरवण्यात काय मजा? दहावीचे व्हेकेशन क्लास तेव्हा सुरू होतील, माहीत आहे. बुडू द्या. फक्त शेवटचा रविवार टाळा. त्या दिवशी सगळ्या मॅच एकाच वेळी असतात आणि तिकिटांसाठी मारामार असते. मेचा पहिला पंधरवडा बरा.

दिवाळीतच जायचा हट्ट असेल तर त्या आठवड्यात इंग्लंडमधल्या खालच्या पायरीवरच्या लीग बऱ्याचदा चालू असतात. नदीपलीकडे बर्कनहेडमध्ये ट्रॅनमिअर रोव्हर्सचं मैदान आहे, छोटं, जुनं. मला विचाराल तर खरं फुटबॉल तिथेच दिसतं. पण गुणतक्ता पाठ असलेल्या पोराला ते पटणार नाही.

व्हिसाचं आता थोडक्यात, पण नीट वाचा. ब्रिटनचा व्हिसा शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) येत नाही, तो वेगळा. प्रवासाच्या ३ महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णय साधारण ३ आठवड्यांत येतो. हाताचे ठसे द्यायला आईंसह पाचही जणांना जावं लागेल. मुंबई धरा. इगतपुरीहून समृद्धीने थेट भिवंडीजवळ आमण्याला उतरता येतं, त्यामुळे कसारा घाटात आईंचं पोट ढवळायची भीती उरलेली नाही. मुलीचा पासपोर्ट तपासा. लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो, आणि तो संपलाय हे नेमकं अर्ज भरताना कळतं.

फाइलमध्ये अधिकारी सर्वांत आधी काय बघतो, तर बँकेचं स्टेटमेंट. सहा महिने खात्यात सत्तर-ऐंशी हजार खेळतायत आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम पाच लाख जमा, कुठून आले त्याचा पत्ता नाही, अशी फाइल परत येते. सासऱ्यांनी दिले असतील तर तसं त्यांच्याकडून लिहून घ्या, त्यांचंही स्टेटमेंट जोडा. एफडी मोडली असेल तर तिची पावती लावा. कंपनीचं रजेचं पत्र, तीन वर्षांचे आयकराचे कागद, मुलांच्या शाळेचं पत्र. मॅचचं तिकीट व्हिसासाठी लागत नाही, त्यामुळे ‘तिकीट घेतलं तरच व्हिसा मिळेल’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं विमान-तिकीट काढू नका. पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जाईल. तो खर्चात धरून ठेवा, पुढे आयकर भरताना वळता होतो. दर बदलत असतात, सीएला विचारा.

तेव्हा आत्ता करायचं काम एकच : मुलाचं आणि तुमचं क्लबचं सभासदत्व. मुलीने ‘मी पण’ म्हटलं तर तिचंही.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. मॅचला जाताना घरचं फराळाचं नेलं तर चालेल का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : दोन वेगळे दरवाजे आहेत. पहिला विमानतळाचा : ब्रिटन असो की युरोप, आपल्याकडून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे, बर्फी, श्रीखंडाचा डबा घरीच ठेवा. नाशिकचा चिवडा आणि तेलातली चकली न्या, पाकीटबंद असेल तर उत्तम. दुसरा दरवाजा स्टेडियमचा : पिशवी किती मोठी चालेल आणि खाणं आत नेता येतं का, हे प्रत्येक मैदानाचं वेगळं असतं. बऱ्याच ठिकाणी ए-फोर कागदाएवढीच पिशवी चालते, स्टीलचा डबा तर अडवतातच. पोटभर खाऊनच आत जा. आत चिप्स मिळतात, पण कशात तळलेत ते विचारून घ्या.

प्रश्न : स्पेनला जातोय. मुलगा बार्सिलोनाचा चाहता, पण तिकिटं मिळाली ती त्यांच्या बाहेरगावच्या मॅचची, यजमान संघाच्या प्रेक्षकांमध्ये. बार्सिलोनाची जर्सी घालू द्यावी का?
– एक आई, नाशिकरोड

उत्तर : नाही. यजमानांच्या गॅलरीत पाहुण्या संघाची जर्सी घातली तर दारातच अडवू शकतात, आणि आत सोडलं तरी आजूबाजूचे लोक मॅच सुरू झाल्यावर गप्प बसतील याची खात्री नाही. साधा टीशर्ट घाला, आणि बार्सिलोनाने गोल केला तर उडी मारायची नाही, हे त्याच्याकडून आधीच कबूल करून घ्या. तिकीट फोनमध्ये येईल, तेव्हा रोमिंग चालू आहे का आणि फोन चार्ज आहे का ते हॉटेलातून निघतानाच बघा. जर्सी दुसऱ्या दिवशी बार्सिलोनात फिरताना घालू दे.