एस्प्रेसोत 'क्स' नाही, पीळ आहे

प्रश्न असा आहे: त्या कडक, छोट्या कपातल्या कॉफीला 'एक्स्प्रेसो' म्हणावं की 'एस्प्रेसो'? झटपट होते म्हणून हे नाव पडलं का? आणि लग्नात मिळते ती एस्प्रेसोच ना?

एस्प्रेसो. 'क्स' ऐकला की कान किटतात. पोर्तुगीज लोक स्पेलिंगात 'एक्स' लिहितात, पण 'क्स' तेही म्हणत नाहीत.

खरी गंमत मुळात आहे. लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'प्रेमेरे' म्हणजे दाबणं. दाबून बाहेर काढलेलं ते 'एक्स्प्रेसुस'; त्याचंच इटालियन रूप 'एस्प्रेसो'. या शब्दाचा अर्थ पुढे 'स्पष्ट' झाला, मग 'मुद्दाम, खास'. खास एका ठिकाणासाठी सोडलेली गाडी ती एक्स्प्रेस. अशी गाडी मधे फारशी थांबत नाही, म्हणून अगदी शेवटी 'जलद'. डेक्कन एक्स्प्रेसमधला 'एक्स्प्रेस' हा एस्प्रेसोचा भाऊ आहे, बाप नव्हे.

काही अभ्यासक सांगतात की कॉफीच्या नावात 'गिऱ्हाइकासाठी खास, त्या वेळी केलेली' एवढाच अर्थ आहे, दाबण्याचा संबंध नाही. पण मग 'खास' हा अर्थ आला कुठून? दाबण्यातूनच! शिवाय यंत्राकडे पाहा. इटलीतल्या बेझेराच्या 1901 च्या कॉफीयंत्रात वाफेचा दाब जेमतेम दीड बार होता (बार हे दाबाचं माप). तिथल्याच गाज्जियाने 1938 मध्ये पेटंट घेतलं आणि युद्धानंतर दांड्याचं यंत्र आणलं. दाब नऊ बारच्या आसपास गेला, कपात पहिल्यांदा तो तांबूस साय असल्यासारखा थर, क्रेमा, दिसला. माझ्या मते शब्द त्या दिवशी खरा झाला. मराठीत याला 'पिळलेली कॉफी' हाच शब्द शोभतो. 'पीळ' म्हटलं की मुरगाळणं आठवतं, हा आक्षेप टिकत नाही. चरकात ऊस मुरगाळत नाहीत, दाबतात, तरी आपण 'पिळतो'च म्हणतो.

पिळणं किती काटेकोर ते पाहा. 18 ग्रॅम पूड, 93 अंशांच्या आसपासचं पाणी, 25 ते 30 सेकंदांत कपात 36 ग्रॅम कॉफी. 15 सेकंदांतच भरभर उतरली तर दळण जाड झालंय, कॉफी आंबट आणि पाणचट लागेल. 45 सेकंद थेंब थेंब गळत राहिली तर दळण फार बारीक, कडवट लागेल. पूड एका बाजूला कमी दाबली गेली तर पाणी तिथूनच वाट काढतं, आणि एकाच कपात आंबट-कडू दोन्ही येतं.

लग्नातल्या कॉफीत यातलं काहीच नसतं. मगमध्ये दूध, साखर, इन्स्टंट पूड, त्यात वाफेची नळी खुपसायची, फेस आला की वर चॉकलेट पावडर. छान लागते, पण पिळलेलं काही नाही. तिला फेसाळ कॉफी म्हणा.