राणीछाप रुपयावरची झाक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लक्ष्मीपूजनाच्या डबीत राणीछाप आणि राजाछाप असे काही चांदीचे रुपये आहेत. दोन नाण्यांच्या कडेला निळसर-तांबूस झाक आली आहे, बाकीची काळवंडली आहेत. पितांबरीनं घासून लख्ख करावीत का? (सांगली)

उत्तर : मुळीच नको. त्या दोन नाण्यांची झाक हीच त्यांची खरी मिळकत आहे. हवेतल्या किंवा आजूबाजूच्या कागद-कापडातल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर तयार होतो. हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी पातळ असतो. त्याच्या वरच्या बाजूवरून आणि खालच्या धातूवरून परतणारा प्रकाश एकत्र येतो आणि रंग दिसतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलच्या तवंगात दिसतात तसेच हे रंग. थर जाड होईल तसा रंग ठरलेल्या क्रमानं बदलतो. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी-तपकिरी, किरमिजी, गडद निळा आणि आकाशी; त्यानंतर पुन्हा पिवळा, गुलाबी, हिरवा आणि शेवटी काळा. हा क्रम पाठच करून टाका, पुढच्या एका उत्तरात तो लागणार आहे.

पितांबरी, राख, टूथपेस्ट यांनी नाण्यावर बारीक ओरखडे उठतात आणि ते कायमचे राहतात. चिंच-लिंबाचं आम्ल धातूच खातं. सराफाकडच्या 'डिप'मध्ये (चांदी उजळवण्याच्या द्रावणात) बुडवलेलं नाणं क्षणात पांढरं होतं खरं, पण सल्फाइड झालेली चांदी थरासोबत निघून जाते. दोन-तीनदा बुडवलं की टांकसाळीची मूळ चमक मेलीच म्हणून समजा.

हळद-कुंकू आणि पंचामृताचा थर साचला असेल तर नाणं काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवा, वाळवा आणि मग शुद्ध अॅसिटोनमध्ये दहा मिनिटं बुडवा. हळदीचा पिवळा रंग अॅसिटोनमध्ये विरघळतो, सल्फाइडची झाक मात्र तशीच राहते. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुवास मिसळलेले असतात. खिडकी उघडी हवी; जवळपास समई किंवा गॅस पेटता नको. पुसू नका, आपोआप वाळू द्या. पूजेसाठी यातला एक काळवंडलेला रुपया कायमचा वेगळा काढा आणि बाकीच्यांना पंचामृतापासून लांब ठेवा.

प्रश्न : रंगीत झाकेची नाणी जमवायला सुरुवात कुठून करावी? (पुणे)

उत्तर : पाचव्या जॉर्जच्या १९१२ ते १९२० मधल्या रुपयांपासून. ते अफाट संख्येनं पाडले गेले, त्यामुळे न झिजलेला नमुना आजही आवाक्यात मिळतो. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी टंचाई झाली की अमेरिकेनं १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये आपले २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला हिंदुस्थानसाठी विकली. आज ज्या मॉर्गन डॉलरच्या (अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या नाण्याच्या) रंगांवर तिकडचे संग्राहक जीव टाकतात, त्यांचीच भावंडं आपल्या रुपयात मिसळली असणार.

रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि दहापट भिंग एवढं सामान पुरे. मागच्या बाजूला तळाच्या फुलाखाली उठावाचा ठिपका असेल तर नाणं मुंबईचं, नसेल तर कलकत्त्याचं. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे. तांबं जास्त असल्यानं ते बहुधा करडे-तपकिरी पडतात. १९४७ चा निकेलचा, चुंबकाला चिकटतो. या छंदात त्याचं काम नाही. १९३९ सालाच्या रुपयाच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. तो दुर्मीळ आहे आणि बाजारात त्याचे नकली फार.

घेताना आधी रंग विसरून नाणं बघा. राजाचा गाल, भुवई आणि मुकुटावरची रत्नं झिजली असतील, किंवा कडी लावण्यासाठी डाग दिल्याची खूण असेल, तर झाक कितीही सुंदर असली तरी चांदीच्या भावापेक्षा फार देऊ नका.

प्रश्न : ऑनलाइन लिलावात इंद्रधनुष्यासारखे रुपये दिसतात. रंग खरा की केलेला, हे कसं ओळखायचं? (नाशिक)

उत्तर : गंधकयुक्त रसायनाचा वास देऊन, तापवून किंवा उकडलेल्या अंड्याजवळ डब्यात ठेवून तासाभरात रंग आणता येतो, आणि तसा आणलेला माल सर्रास विकला जातो. म्हणून एका खुणेवर भरवसा ठेवू नका, चार ताडून बघा.

पहिली, रंगांचा क्रम. कडेकडून मध्याकडे जाताना निळा, किरमिजी, सोनेरी, मग चांदी असा उतार दिसला तर तो वर्षानुवर्षं आत सरकलेला थर आहे. निळ्याला खेटून थेट पांढरी चांदी असेल, मधल्या पायऱ्याच नसतील, तर शंका घ्या.

दुसरी, चमक. एका उघड्या बल्बखाली नाणं तिरपं धरून सावकाश फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चक्रासारखा फिरतो, आणि खऱ्या झाकेत तो रंगाच्या आतून फिरताना दिसतो. केलेला रंग बहुधा वर तरंगल्यासारखा, मेणचट वाटतो. झिजलेल्या नाण्यावर नैसर्गिक झाक सहसा करडी किंवा तपकिरी येते. त्यामुळे चेहरा गुळगुळीत झालेल्या रुपयावर जांभळा-निळा भडका दिसला तर तिथंच थांबा.

तिसरी, अक्षरांच्या कडा. भिंगातून बघा : नैसर्गिक झाकेत अक्षरांना आणि मुकुटाला लागून बरेचदा फिकट किनार राहते. झटपट रंगात उलट तिथंच रंग साचलेला असतो.

चौथी, ओरखडे. घासल्याच्या बारीक समांतर रेघा रंगाखाली दिसत असतील आणि रंग त्यांच्या आतही भरला असेल, तर नाणं आधी घासलं आणि रंग नंतर आला, मग तो कसाही आलेला असो.

फोटोवर विसंबू नका, रंग गडद करणं एका बोटाचं काम आहे. नाणं हातात फिरवतानाचा, साध्या बल्बखालचा व्हिडिओ मागा. पीसीजीएस, एनजीसी यांसारख्या, नाणं तपासून त्याचा दर्जा आकड्यात ठरवणाऱ्या प्रतवारी संस्था कृत्रिम रंगाच्या नाण्याला नेहमीची अंकी प्रत देत नाहीत. महाग नाणं घ्यायचं तर अंकी प्रत मिळालेलंच घ्या.

प्रश्न : कोकणातल्या पावसात नाणी कशी जपावीत? (रत्नागिरी)

उत्तर : ३१ मिलिमीटरची अॅक्रिलिक कॅप्सूल, ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत निळ्या सिलिका जेलची पुडी. दाणे गुलाबी झाले की पुडीतून काढून ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दोन तास तापवा, पुन्हा निळे होतात. लाकडी कपाटापेक्षा लोखंडी बरं, लाकडातून आम्लाची वाफ येत राहते. मखमली डबी, वर्तमानपत्र, रबरबँड आणि डांबराच्या गोळ्या नाण्यांजवळ नकोत. नाणं कायम कडेनं धरा. छापावर उमटलेला बोटाचा ठसा काही महिन्यांत तपकिरी होऊन बसतो.

प्रश्न : अल्बममधल्या नाण्यांवर हिरवट चिकट थर आला आहे. (कोल्हापूर)

उत्तर : मऊ प्लॅस्टिकचे खिसे पीव्हीसीचे असतात, त्यातून सुटणाऱ्या आम्लाचा हा प्रताप. वर सांगितल्याप्रमाणे अॅसिटोनमध्ये बुडवा. थर जुना असेल तर अॅसिटोन बदलून दोन-तीन वेळा. अल्बम टाकून द्या. नवा घेताना पाकिटावर 'पीव्हीसीमुक्त' किंवा 'मायलर' लिहिलेलं पाहून घ्या.

प्रश्न : आजोबांचे रुपये अमेरिकेला घेऊन जाता येतील का? (न्यू जर्सी)

उत्तर : शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेण्याची खासगी व्यक्तीला मुभा नाही. १९२२ पर्यंतचे सगळे रुपये आता त्यात आले. प्रतवारीसाठी परदेशी पोस्टानं पाठवणं हीसुद्धा निर्यातच. ते इथल्या नातेवाइकांकडे कॅप्सूलमध्ये ठेवा. १९४० नंतरच्या रुपयांना सध्या ही अडचण नाही.