खाटेवरचं बोलणं खाटेपाशीच राहावं म्हणून

प्रश्न : सासूबाई जनरल वॉर्डात होत्या. राउंडला डॉक्टर पायथ्याशी उभे राहून ‘लघवी कपड्यांत होते का?’ असं मोठ्याने विचारत. सासूबाई दरवेळी ‘नाही’ म्हणाल्या. खरं तर त्रास होता. अशा वेळी आम्ही काय करायचं? (एक वाचक, मिरज)

सासूबाईंना बोल लावू नका. चारचौघांत विचारलं की चारचौघांत सांगण्याजोगंच उत्तर मिळतं. लघवी, दारू, पाळी, गर्भपात, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार या बाबतींत हे हमखास होतं आणि उपचार चुकीच्या माहितीवर सुरू होतात. पडदा ओढला म्हणजे झालं, असं अनेकांना वाटतं. पण कापड आवाज अडवत नाही. उलट पडद्याआड कोणी ऐकत नाही अशा समजुतीने माणूस जरा जास्तच मोकळं बोलतो.

राउंडच्या आधी सिस्टरांना गाठून एवढंच सांगा : ‘पेशंटला डॉक्टरांशी एकट्यात बोलायचंय.’ कारण सांगायची गरज नाही. पेशंट चालता असेल तर ड्रेसिंग रूममध्ये पाच मिनिटं मिळू शकतात. उठता येत नसेल तर शेजारच्या खाटांवरच्या नातेवाइकांना बाहेर थांबवावं आणि डॉक्टरांनी उशाशी स्टूल घेऊन बसावं. पायथ्याशी उभं राहिलं की आवाज आपोआप चढतो. उशाशी बसलं की कुजबुजही पुरते.

ऐकू कमी येत असेल तर एक सोपा उपाय आहे. स्टेथोस्कोपची टोकं पेशंटच्या कानांत घालायची आणि छातीला लावायच्या चकतीपाशी हळू बोलायचं. चकतीवर टिचकी मारू नये, जोरात बोलू नये, कानात ठणकतं. टोकं आधी आणि नंतर स्पिरिटने पुसावीत. वाचता येत असेल तर प्रश्न कागदावर लिहून दाखवावेत आणि तो कागद नंतर फाडून टाकावा.

प्रश्न : भावाच्या केस पेपरवर लाल शाईत ‘एचआयव्ही’ लिहिलं होतं, खाटेलाही पाटी होती. स्टाफच्या सुरक्षिततेसाठी असं करावं लागतं, असं सांगितलं. (एक वाचक, बीड)

असं करावं लागत नाही आणि करता येतही नाही. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय ही माहिती उघड करण्यास त्याने मनाई केली आहे. उपचार करणाऱ्यांनी गरजेपुरती ती एकमेकांना देणं वेगळं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी पाटी लावणं वेगळं. सुरक्षितता हातमोज्यांनी आणि सुई लगेच सुईच्या डब्यात टाकण्याने येते, तीही प्रत्येक पेशंटच्या बाबतीत. ज्यांची तपासणीच झालेली नाही त्यांच्या खाटेला पाटी नसते. पाटीवर विसंबणारा तिथेच फसतो. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या रुग्णालयात या कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा. त्याच्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पाटी मात्र त्याच दिवशी काढायला लावा.

प्रश्न : मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नातेवाईक सारखं विचारतात, ‘आमच्या पेशंटला नेमकं काय झालंय?’ कोणाला सांगायचं? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

पेशंट शुद्धीवर असेल तर हे त्यालाच विचारायचं, आणि तो एकटा असताना : ‘तुमच्याबद्दल घरात कोणाशी बोललेलं चालेल?’ मिळालेलं नाव केस पेपरवर लिहून ठेवायचं. मुलगा शेजारी उभा असताना ‘यांच्यासमोर बोलू ना?’ असं विचारू नका. तिथे कोणीच ‘नको’ म्हणत नाही. आजाराचं निदान सांगायचं काम मात्र डॉक्टरांचं. तुम्ही त्यांची गाठ घालून द्या. फोनवर कोणी विचारलं तर काही न सांगता फोन ठेवा आणि केस पेपरवरच्या नंबरावर उलट फोन करा.

ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरांना पेशंटची माहिती देताना, सलाईन, ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी), लघवीची पिशवी, पाठीवरची जखम, म्हणजे जे डोळ्यांनी बघायचं तेवढंच खाटेपाशी बोला. निदान, पोलीस केस, घरातले वाद हे सगळं सिस्टरांच्या टेबलापाशी, आणि तिथेही कोणी नातेवाईक टेकून उभा नाही ना, हे बघून.