आधी वही

सलाम बाळा,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला, मी सकाळी उठल्या उठल्या वाचला आणि दुपारी जेवण झाल्यावर परत वाचला. सोमवारी शाळेची यू-डायसची सरकारी माहिती भरणं, मंगळवारी आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास, बुधवारी पालकसभा आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरी कॉटेज प्रार्थना, गुरुवारी चर्चच्या कॉयरची गाणी, शुक्रवारी गॅदरिंगचा डान्स, शनिवारी तरुण संघ, रविवारी शब्बाथ शाळा म्हणजे चर्चमधल्या पोरांचा बायबलचा वर्ग, आणि वर नाताळची नाटिका पण तुझ्याच गळ्यात. एवढं सगळं लिहून विचारतेस काय, तर सर, माझा विश्वास कमी पडतोय का, प्रार्थनेला बसले की डोळा लागतो.

अगं, झोप झालेली नसते म्हणून लागतो. बायबलातला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही, ऊठ आणि खा म्हणाला, तो खाऊन परत झोपला तरी त्याला कुणी काही बोललं नाही. १ राजे १९, काढून वाच.

मी अडकलोय तो दुसऱ्याच ओळीवर. मध्येच कुठेतरी लिहिलंयस, सातवीतली एक मुलगी आठ दिवस आलेली नाही, तिची निबंधाची वही माझ्याकडेच राहिलीये, बघू. हे 'बघू' मला चांगलं ओळखीचं आहे.

२०१२ ला मी जत तालुक्यात होतो. दिवाळीच्या आधी सहावीला 'माझी आई' निबंध दिला, ४१ वह्या पिशवीत घातल्या आणि त्या तीन आठवडे तशाच राहिल्या, कारण तेव्हा मी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीत होतो, उपकारस्तुतीचा सण होता, मग कन्व्हेन्शन, रोज संध्याकाळी एसटीने मिरजेला. शेवटी वह्या काढल्या तर एका पोराने पेन्सिलीने लिहिलेलं, माझी आई कोयता चांगला चालवते, मुकादमाने उचल दिली आहे, दिवाळी झाली की आम्ही सगळे कारखान्यावर जाणार, सर तुम्ही आईला सांगा मला आजीजवळ ठेवा. 'सर तुम्ही' च्या खाली दोनदा रेघ मारलेली. मी वाचलं तेव्हा टोळी जाऊन दहा दिवस झाले होते. आजी गावातच होती, हंगामी वसतिगृहात नाव घातलं असतं तर दोन वेळचं जेवण आणि शाळा दोन्ही झालं असतं, त्यासाठी मी एकदा त्याच्या घरापर्यंत जायला पाहिजे होतं, बास. तो परत सातवीला आला नाही.

म्हणून सांगतो, आधी वही. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतला याजक, म्हणजे देवळातला पुजारी, रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाच्या बाजूने निघून गेला हे मी शब्बाथ शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं, आणि बाजूने गेलो तो मीच.

त्यानंतर मी कमिटी सोडली. लोक म्हणाले सर थंड पडले, सर प्रभूपासून लांब गेले, माझी बायकोसुद्धा काही दिवस गप्प होती. म्हणू देत. मला आजही वाटतं मी बरोबर केलं, आणि खरं सांगायचं तर ते आधी केलं नाही याचाच मला राग आहे. शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, मेंढरू खड्ड्यात पडलं तर काढणार नाही का, हे प्रभूनेच विचारलंय, मत्तय १२ मध्ये, मग मंडळीतल्या चार माणसांना उत्तर द्यायला आपण का घाबरायचं? तुझ्या मिरजेत मिशनरी डॉ. वानलेसनी १८९४ ला दवाखाना काढला, पेशंट टेबलावर असताना त्यांना कुणी म्हटलं असतं का, डॉक्टर, ते राहू दे, आधी कॉयरच्या प्रॅक्टिसला चला?

तू म्हणतेस मंडळीत नाही म्हणायला लाज वाटते. मग त्या पोरीच्या वहीला नाही म्हणताना कशी वाटत नाही? रागावू नकोस, पण हे मी बोलणारच. शाळेत आपण येशूचं नाव घेत नाही आणि घ्यायचंही नाही, सगळ्या घरांतली पोरं आहेत, पण तिथे तुझी सेवा होत नाही आणि फक्त रविवारी होते असं तुला कुणी सांगितलं? लाल पेनाने 'छान' लिहून पुढची वही ओढू नकोस. पूर्ण वाच. एका दिवशी पाचच वाच पण पूर्ण वाच.

एनएमएमएसचा तास मात्र सोडू नकोस, एक पोरगं यादीत बसलं तरी नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये येतात, तेवढ्यावर कितीतरी घरांत शाळा सुटायची थांबते. डान्स दुसऱ्या बाईंना दे. नाटिका तरुण संघातली पोरं बसवतील, वाईट बसवतील, बसवू देत.

चर्चच्या पाळकसाहेबांना मी आत्ताच फोन केला, ह्या रविवारची तुझी शब्बाथ शाळा मी घेतोय, सांगलीहून साडेसातच्या बसने येतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तू त्या मुलीच्या घरी जा, शेजारच्या कुणाला तरी बरोबर घे, वही पण घेऊन जा. आणि जायच्या आधी तिने त्यात काय लिहिलंय ते आज रात्रीच वाच, कितीही वाजले तरी, आणि मला कळव.

तुझा,
सर