रोजची सायकल की दसऱ्यापुरती? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात चेन साफ कशी करायची ते लिहिलं होतं आणि पत्रं आली ती सगळी भलत्याच विषयावर, म्हणजे चांगली सायकल रोज वापरायची की जपून ठेवायची. त्यातली पाच घेतलीत. एक-दोन पत्रांना कात्री लावलीय, राग नसावा.

प्रश्न : लॉकडाऊनच्या भरात मी रोड बाइक घेतली. अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, मागे 11 गिअर, बारीक टायर. रविवारी ग्रुपबरोबर खडकवासला नाहीतर सिंहगड पायथा. ऑफिस शिवाजीनगरला, घरापासून सहा-सात किलोमीटर, तिथे मात्र स्कूटरने जातो. बायको म्हणते एवढे पैसे घातलेत तर रोज ने की. ग्रुपमधले म्हणतात अजिबात नेऊ नकोस, वाट लागेल. आता तर रविवारचंही कमी झालंय. काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : वहिनींचं अर्धं बरोबर आहे आणि ग्रुपचं पण अर्धं.

रोड बाइक रोज कर्वे रोडने नेली म्हणून मोडत नाही हो, पण ती झिजते, आणि तिचे झिजणारे पार्ट महाग असतात हा खरा मुद्दा. पावसाळ्यात रस्त्यावरची बारीक रेती चेनमधे जाऊन बसते, तेलात कालवली जाते आणि मग ती चेन दात घासत फिरते. ब्रेक रिमवर दाबणारे असतील तर तीच रेती ब्रेकच्या रबरात रुतते आणि प्रत्येक ब्रेकला रिम खरवडते. विश्वास बसत नसेल तर घरातली इंचाची स्टीलची पट्टी घ्या, चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमधे बरोब्बर 12 इंचावर दुसरी पिन येते. ती पिन एक सोळांश इंच पुढे सरकलेली दिसली की चेन बदलायची वेळ झाली, आणि एक अष्टमांश सरकली असेल तर कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांचे) दातही गेले समजा, मग खर्च एकदम वाढतो. 11 गिअरची चेन अरुंद आणि नाजूक असते, आपल्या साध्या एका गिअरच्या सायकलची चेन जाड, ती वर्षानुवर्षं तक्रार करत नाही.

पण मला झिजेपेक्षा दुसरीच भीती जास्त वाटते. समजा तुम्ही सोमवारी ती ऑफिसला नेलीत. तिला स्टँड नाही, म्हणून पार्किंगमधे खांबाला टेकवलीत, संध्याकाळी येऊन बघता तर कुणीतरी स्कूटर अशी घुसवलीय की तिचं हँडल तुमच्या गिअरच्या केबलमधे. मडगार्ड नाही म्हणून पाठीवर चिखलाची सरळ रेघ. कॅरिअर नाही म्हणून बॅग पाठीला आणि शर्ट ओला. चाकं हाताने लिव्हर उघडून निघतात, त्यामुळे दिवसभर डोकं अर्धं कामात अर्धं पार्किंगमधे. गुरुवारपर्यंत तुम्ही परत स्कूटरवर येणार, आणि घरी बोलणी खाणार ती वेगळी. रोजच्या सायकलला दोन गोष्टी लागतात, ती दाराशी तयार हवी आणि तिला ओरखडा पडला तर तुमचा जीव जाता कामा नये. तुमची सायकल दोन्हीत नापास.

तेव्हा एक जुनी, स्टीलची, मडगार्ड-कॅरिअर-स्टँड-चेनकव्हरवाली सायकल घ्या. नवी घेतलीत तरी दहा हजाराच्या आत बसते, जुनी त्याहून कितीतरी स्वस्त. ओव्हरहॉलिंग करून घ्या, म्हणजे छर्रे बदलून, नवं ग्रीस भरून, दोन्ही चाकांचा आऊट (वाकडेपणा) काढून. शिवाजीनगर काही लांब नाही, चढही नाही, गिअर नसला तरी चालतंय. स्कूटरशी स्पर्धा त्या सायकलने करायची, रोड बाइकने नाही.

आता रोड बाइकचं. नुसती उभी ठेवली म्हणजे ती जपली जाते हा मोठा गैरसमज आहे. ट्यूबमधून हवा आपोआप कमी होत राहते, बारीक टायरमधे तर भराभर. महिन्याभराने अंगठ्याने दाबून ‘आहे की हवा’ म्हणत निघालात की पहिल्याच खड्ड्यात ट्यूब रिमवर चेचली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) आपल्या उन्हाळ्यात काही महिन्यांत सुकून त्याच्या गोळ्या होतात. ब्रेकच्या दांड्यांवरचं रबर चिकट होतं. आणि हँडलची टेप कधीतरी सोडवून बघाच, रविवारचा घाम आत मुरलेला असतो, खाली अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पावडर धरलेली दिसली तर हँडल पोखरायला सुरुवात झाली समजा. म्हणजे सायकल उभी राहून पण म्हातारी होतेच.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो, पटलं तर घ्या. दसऱ्यापासून मेपर्यंत ती महिन्यातून दोनदा तरी बाहेर पडत असेल तर ठेवा. तेवढंही होत नसेल तर विकून टाका, ग्रुपमधेच एखादा पोरगा तिच्याकडे डोळा लावून बसलेला असेल. आणि एक, रविवार कमी झालेत ते आळशीपणामुळे असं मला वाटत नाही. आदल्या रात्री हवा, लाइट चार्ज, बाटल्या, क्लिपचे बूट, जर्सी, एवढा सगळा लवाजमा काढायचा म्हटलं की माणूस पांघरूण डोक्यावर ओढतो. रोज साध्या सायकलवर पाय फिरत राहिले तर रविवारचं पण सुटसुटीत होतं, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलंय.

प्रश्न : फ्लॅटमधे जागा नाही, एका चाकाने हुकला सायकल टांगली तर चाक वाकडं होतं का?
– डोंबिवली

उत्तर : नाही होत. तुमचं वजन रोज पेलतं ते चाक, सायकलचं दहा-बारा किलो त्याला काय करणार. हुकला रबरी नळीचा तुकडा चढवा म्हणजे रिमला चरे पडणार नाहीत, आणि हूक विटेत ठोका, नुसत्या प्लास्टरमधे नको. ऑइलचे डिस्क ब्रेक असतील तर उतरवल्यावर लगेच निघू नका, थोडा वेळ उभी ठेवून दोन्ही लिव्हर चार-पाच वेळा दाबून बघा, आत हवेचा बुडबुडा असेल तर तो टांगल्यावर सरकतो आणि लिव्हर स्पंजासारखी लागते.

प्रश्न : वडिलांची राले सायकल आहे, हँडलपासून ब्रेकच्या सळ्या गेलेली, कातडी सीटची. ते शिक्षक होते, शाळेत त्याच सायकलने जायचे, मागे नगरपालिकेचा जुना बिल्ला पण अजून आहे. आता पडवीत उभी असते, खंडेनवमीला तेवढी पुसून झेंडूची माळ घालतो. धाकटा भाऊ म्हणतो मस्त काळी पावडर कोटिंग करून घे आणि हॉलमधे लाव. मला चालवायचीय. पण खराब झाली तर?
– चिपळूणहून एक वाचक

उत्तर : भाऊसाहेबांना पहिलं सांगा, पावडर कोटिंग अजिबात नको. त्या सायकलची अर्धी किंमत (मनातली म्हणतोय मी, बाजारातली नाही) त्या मूळ काळ्या रंगात आणि त्यावरच्या बारीक सोनेरी रेघांत आहे. कोटिंगवाला आधी रेतीचा मारा करून सगळा रंग उडवतो, पत्रा उघडा करतो. रेघा गेल्या, बिल्ल्याच्या जागेचा डाग गेला, मग ती कुठलीही सायकल.

आधी ती कुठली ते बघा. पुढच्या नळीवर बगळ्याचं तोंड असलेला पितळी बॅज असेल, त्यावर नॉटिंगहॅम, इंग्लंड आहे का ते वाचा. आपल्याकडे पुष्कळशा राले आसनसोलच्या सेन-रालेच्या कारखान्यातल्या आहेत, त्या काही कमी नाहीत. मागच्या हबमधे (चाकाच्या मधल्या नळकांड्यात) तीन गिअर असतील तर त्याच्यावर स्टर्मी-आर्चर लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा त्याच्या अंगावर साल आणि महिन्याचे आकडे ठोकलेले असतात, घाण पुसली की दिसतात. सायकलचं साधारण वय तिथे कळतं.

सफाई घरीच होते. क्रोमवरचा गंज काढायला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा, लालसर पाणी सुटेल, पुसा, परत घासा. रंगाला सॅंडपेपर लावायचा नाही, केरोसीनच्या फडक्याने मळ काढा आणि वर गाडीचं मेणाचं पॉलिश. सीटला लोक खोबरेल तेल चोपडतात, ते नको, कातडं ढिलं पडून झोळी होते. चामड्याचं मेणवालं ड्रेसिंग मिळतं ते थोडंसं, तेही वर्षातून एक-दोनदा. सीटच्या नाकाखाली नट असतो, झोळी पडली असेल तर तो पान्ह्याने पाव आटा फिरवा, जास्त नाही, एकदम ताणलंत तर जुनं कातडं रिबिटांपाशी फाटतं.

एक गोष्ट मात्र मेस्त्रीला आधी सांगून ठेवा. इंग्लंडच्या राले फ्रेममधे पॅडलच्या आसाच्या कपाचे (ज्यात छर्रे फिरतात त्याचे) आटे वेगळे असतात, इंचाला 26, बाकी सायकलींना 24. बाजारातला कप हाताने थोडा चढतो आणि मग अडतो, आणि घाईतला मेस्त्री तो पान्हा लावून जोराने फिरवतो. फ्रेमचे आटे गेले की मग काही हातात राहत नाही. म्हणून जुने कप-कोन शक्यतो तेच ठेवा, छर्रे तेवढे नवे घाला. पॅडलच्या दांड्याची, म्हणजे क्रँकची, कॉटर पिन (खीळ) काढतानाही क्रँकखाली लाकडाचा नाहीतर पाइपचा आधार देऊनच हातोडी मारायची.

बाकी काळजी नको. 28 बाय दीड इंचाचे टायर असतील तर ते आपल्या काळ्या घोड्याला, म्हणजे साध्या काळ्या सायकलीला, अजूनही लागतात, म्हणजे तालुक्याच्या गावात मिळतील, ब्रेकचे रबर पण मिळतील. चालवायची म्हणाल तर जरूर चालवा, दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत तर रोज चालवा, बाजारात न्या, चहाला न्या. पावसात मात्र नाही, आणि हे मी सायकलीपेक्षा तुमच्यासाठी सांगतोय. त्या क्रोमच्या लोखंडी रिमा ओल्या झाल्या की सळीचा ब्रेक लागतच नाही म्हटलं तरी चालेल, चिपळूणच्या उतारांवर तो प्रयोग नको. जून ते सप्टेंबर घरात, सीट काढून कपाटात (पडवीत बुरशी धरणारच), आणि टायरमधे हवा भरलेली, नाहीतर बसून बसून टायरला चिरा पडतात. कधी पुण्याला आलात तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल म्युझियम बघा, तुमच्या सायकलीची भावंडं तिथे भेटतील आणि भावाला पावडर कोटिंगचा मोह राहणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे एकच हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइकच्या मधली) सायकल आहे, पुढे बास्केट, मागे कॅरिअर. भाजी, बँक, मुलीचा क्लास सगळं तिच्यावरच. मैत्रिणींबरोबर 200 किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायची ठरतंय. सगळे म्हणतात त्यासाठी वेगळी सायकल घ्यावीच लागेल. खरंय का?
– नागपूरहून एक वाचक

उत्तर : ताई, पहिल्या ब्रेव्हेसाठी मुळीच नाही. सायकल कुठली असावी असा तिथे नियमच नाही, स्वतःच्या ताकदीवर चालणारी हवी, पुढे-मागे लाइट हवेत, अंधारात चमकणारं जॅकेट हवं, हेल्मेट तर घालालच. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा, जेवण, पंक्चर सगळं धरून तासाला पंधराच्या आत सरासरी. तुम्ही चालवताना वीसचा वेग धरलात तर दहा तास सायकलवर, साडेतीन तास हातात. हायब्रिडवर हे आरामात बसतं. शर्यत नाहीये ती, नंबर काढत नाहीत, ठरलेल्या ठिकाणी वेळेत पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा आणि पुढे निघायचं. वाटेत गाडी बिघडली तर तुमचं तुम्हीच बघायचं असतं, म्हणून पंक्चर काढायला आधी शिकून घ्या, ते नव्या सायकलपेक्षा महत्त्वाचं.

सायकलीला एवढंच करा. खाचांचे जाड टायर असतील तर 32 किंवा 35 मिलिमीटर रुंदीचे गुळगुळीत घाला, रिमला बसतात का ते दुकानदाराला विचारून. बास्केट काढा, वाऱ्याला अडते. कॅरिअर राहू दे, तिथे ट्यूब, पंप, संत्री सगळं मावतं. सीटची उंची अशी की पॅडल खाली असताना टाच टेकवली तर गुडघा सरळ होईल, बाजारात चालवताना आपण सीट फार खाली ठेवतो आणि मग ऐंशी किलोमीटरनंतर गुडघे बोलायला लागतात. थंडीतली ब्रेव्हे निवडा, नागपूरकरांना ऊन मी काय सांगणार.

200 नंतर 300 ला 20 तास, 400 ला 27, 600 ला 40. तिथपर्यंत जायची इच्छा टिकली तर मग खुशाल दुसरी सायकल बघा, तोवर काय हवंय काय नको ते तुम्हालाच कळलेलं असेल, दुकानदाराने सांगायला नको. तुमच्याच गावच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका, देश आडवा पार करायची सायकल शर्यत) एकट्याने पूर्ण केली, 4,800 किलोमीटरच्या आसपास, 12 दिवसांच्या मुदतीत. त्यांना वेगळी सायकल लागणारच. तुम्हाला आत्ता नाही.

प्रश्न : नोकरीनिमित्त नेदरलँड्समधे उट्रेक्टला आलोय. हौसेने भारी सायकल घेतली तर ऑफिसातले डच लोक हसतात. स्वतः सगळे गंजलेल्या खटाऱ्यावर येतात! स्टेशनवर माझी ठेवू की नको?
– उट्रेक्टहून

उत्तर : हसतात ते बरोबर आहे. त्यातल्या पुष्कळांच्या घरी दुसरी चांगली सायकल असते, सुट्टीच्या दिवसाची, आणि स्टेशनला जायला मुद्दाम कुणी ढुंकून बघणार नाही असली. चोऱ्या तिथे फार. तरी तुमचं नशीब चांगलं, उट्रेक्ट सेंट्रलच्या खाली 12,500 सायकलींचं पार्किंग आहे, 2019 ला पूर्ण झालं, आत सायकल चालवतच जाता येतं, लोकांचं लक्ष असतं आणि पहिले 24 तास फुकट. तिथे भारी सायकल ठेवलीत तरी चालेल, बाहेर रेलिंगला मात्र नको. मागच्या चाकाच्या गोल लॉकवर भागवू नका, साखळीने फ्रेम पण बांधा. आणि ठेवल्यावर रांगेच्या नंबरचा फोटो काढून ठेवा, तिथे तळ तीन आहेत.